यूकेतल्या घरातली खटपट आणि बाहेरची कटकट : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, काही महिन्यांपूर्वी आमच्या गल्लीतला कचरा सलग दोनदा उचलला गेला नाही. पहिल्यांदा गाडीच आली नाही. दुसऱ्यांदा एकाचं बघून दुसऱ्याने, असं करत सगळ्या गल्लीने चुकीचा डबा बाहेर ठेवला. एक आठवडा काळा डबा, पुढच्या आठवड्यात रिसायकलिंगचा, बँक हॉलिडे आला की वार एक दिवस पुढे. त्यात इंग्लंडमध्ये ३१ मार्च २०२६ पासून उरल्यासुरल्या अन्नासाठी दर आठवड्याची वेगळी फेरी हा नियम. घरी सासूबाई असतात, डबे त्याच काढतात. कौन्सिलचं (म्हणजे इथल्या नगरपालिकेचं) इंग्रजी कॅलेंडर फ्रिजवर लावून काही उपयोग नव्हता.

म्हणून रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर होम असिस्टंट (घरातली उपकरणं आपोआप चालवणारी प्रणाली) चढवलं, कौन्सिलच्या संकेतस्थळावरून तारखा वाचणारी जोडणी त्यात घातली आणि मागच्या दारापाशी, चपलांच्या स्टँडवर, रंग बदलणारा एक छोटा दिवा ठेवला. आदल्या दिवशी संध्याकाळी सातला तो ज्या रंगाचा लागतो त्या रंगासाठी ठरवलेला डबा बाहेर काढायचा. काढला की शेजारचं बटण दाबायचं, दिवा विझतो. तीन महिन्यांत सासूबाईंचा एकही डबा चुकलेला नाही. आता शेजारच्या आजीही आमच्या मागच्या दाराकडे बघून आपला डबा काढतात.

तुम्ही कशाला कंटाळून काय बसवलंत? सविस्तर लिहा, फसलेलंही लिहा. माझा स्वतःचा एक प्रश्न आहे. भिंतीतल्या दिव्याच्या बटणामागे रिले (दुरून चालू-बंद करता येणारा छोटा स्विच) बसवायला गेले तर तिथे न्यूट्रलच (वीज परत नेणारी वायर) सापडत नाही. असं का?

(रेडिंग)

स्विंडन, व्यवसायाने इलेक्ट्रिशियन

ताई, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. इथल्या बहुतेक जुन्या घरांत फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल दोन्ही छताच्या सीलिंग रोझपर्यंत, म्हणजे दिवा टांगायच्या गोल बैठकीपर्यंत, येतात. तिथून बटणाकडे एक वायर फेज घेऊन खाली उतरते आणि दुसरी तोच फेज बटणातून परत वर नेते. म्हणजे बटणामागे दिसणारी निळी (२००६ पूर्वीच्या कामात काळी) वायर न्यूट्रल नसते, बटण चालू असताना तिच्यात पूर्ण दाब असतो. तिच्यावर तपकिरी खूण हवी, पण कित्येक घरांत ती नसते. निळी दिसली म्हणून न्यूट्रल समजू नका, हे हात जोडून सांगतो.

तुमचा न्यूट्रल वर छतात आहे. रिले तिथे बसवा, जागा बटणामागच्या डब्यापेक्षा जास्त मिळते. जुन्या भिंतीतले डबे १६ मिलिमीटर खोलीचे असतात, त्यात वायरी आणि रिले दोन्ही दाबून बसवणं धोक्याचं. भाड्याच्या घरात असाल तर वायरिंगला हातच लावू नका, बॅटरीवरचं झिगबी (कमी विजेवर चालणारं वायरलेस) बटण भिंतीवर चिकटवा आणि स्मार्ट बल्ब वापरा. आणि नवीन सर्किट टाकणं, फ्यूजचा मुख्य बोर्ड बदलणं किंवा बाथरूममध्ये टब-शॉवरजवळ काम करणं हे इंग्लंडमध्ये बांधकाम नियमांतल्या ‘पार्ट पी’खाली कळवावं लागतं. ते नोंदणी असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

ग्लासगो

आमच्या आधीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातच धुराचा अलार्म होता. हिंग-मोहरीची फोडणी पडली की तो किंचाळायचा. बाळ झोपलेलं, मी टॉवेल हलवत स्टुलावर उभी, खाली डाळ करपतेय, असे दिवस काढले आहेत. ओळखीतल्या एका घरात तर अलार्मला शॉवर कॅप घातलेली पाहिली. कृपा करून असं कोणी करू नका.

स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घराला नियम आहे : बैठकीच्या खोलीत आणि प्रत्येक मजल्यावरच्या पॅसेजमध्ये धुराचा अलार्म, स्वयंपाकघरात मात्र उष्णतेचा, आणि सगळे एकमेकांना जोडलेले. उष्णतेचा अलार्म धुरावर बोलत नाही, त्यामुळे फोडणीला त्याची हरकत नसते. हे कळल्यावर मी घरमालकाला नियमाचा कागद दाखवला आणि दोन आठवड्यांत बदलून घेतला.

दुसरी गोष्ट शेगडीवरच्या चिमणीची. इथल्या कित्येक चिमण्या हवा बाहेर टाकतच नाहीत, कोळशाच्या गाळणीतून फिरवून तीच स्वयंपाकघरात परत सोडतात. मासे तळले की दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कोटाला वास. आयकियाच्या स्वस्त हवेच्या सेन्सरमध्ये ईएसपी८२६६ ही वायफायची छोटी चिप जोडली, पीएम २.५ चा (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा) आकडा वाढला की खिडकीतला पंखा सुरू होतो आणि आकडा उतरला की दहा मिनिटांनी बंद. फोडणी पडल्यापासून आकडा चढायला अर्धा मिनिट लागतो, हे मी भांड्याजवळ उभी राहून मोजलं आहे.

मँचेस्टर, भाड्याचं घर

मला बुरशीबद्दल लिहायचं आहे. मुलीच्या पलंगामागच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले. एजंटाला फोटो पाठवले तर उत्तर आलं, “तुम्ही घरात कपडे वाळवता, स्वयंपाक फार करता, खिडक्या उघडा.” जानेवारीत, बाहेर दोन अंश असताना. मुलगी रात्रभर खोकत होती आणि ते मला खिडकी उघडायला सांगत होते. त्या ईमेलचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा होम ऑटोमेशनचा ओ की ठो कळत नव्हता. नवऱ्याने तापमान-आर्द्रतेचे चार झिगबी सेन्सर आणले. एक खोलीच्या मध्यावर, एक पलंगामागच्या भिंतीला चिकटवून, एक बाथरूममध्ये, एक बाहेर. तीन आठवडे नुसती नोंद ठेवली. खोली २० अंश, आर्द्रता ६५ टक्के. अशा हवेतलं पाणी साधारण १३ अंशांच्या पृष्ठभागावर दव होऊन जमतं. आणि पलंगामागची भिंत रोज पहाटे १२ अंशांवर येत होती. आम्ही कपडे वाळवले नाहीत त्या दिवशीसुद्धा. भिंतच गार होती, तिथल्या बाहेरच्या विटांमधून पाणी झिरपत होतं.

हा आलेख, तारखांसकट, एजंटाला आणि कौन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाला पाठवला. पाहणीला आलेल्या बाईंनी तो फोनवर मोठा करून नीट पाहिला. इतक्या दिवसांत प्रथमच कोणीतरी आमचं म्हणणं खरं धरून प्रश्न विचारत होतं. पुढे बाहेरची गळकी पन्हाळ बदलली, भिंतीची दुरुस्ती झाली.

आमच्याच भागातल्या रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे गेला. त्याच्या नावाचा कायदा इंग्लंडमधल्या सोशल हाउसिंगला (कौन्सिलच्या आणि गृहसंस्थांच्या भाड्याच्या घरांना) २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. तेव्हा घरात ठिपके दिसले तर फोटोबरोबर आकडेही ठेवा. सेन्सर पाच-सात पौंडांत मिळतो.

आता आर्द्रता ६० च्या वर गेली की डीह्युमिडिफायरचा (हवेतला ओलावा शोषणाऱ्या यंत्राचा) प्लग आपोआप सुरू होतो. सकाळी टाकी काढून बेसिनमध्ये ओतते. परवा दीड लिटर निघालं.

बर्मिंगहॅम, नर्स

रात्रपाळी करून आले की दुपारी दोनपर्यंत झोप हवी असते. बेडरूमचं दार सकाळी नऊनंतर बंद झालं की घंटीचा आवाज बंद, पडदे खाली आणि पार्सलवाल्यासाठी दाराबाहेरच्या छोट्या पाटीवर “शेजारी द्या”. एवढंच केलं आहे, पण त्यावर माझी नोकरी टिकली आहे.

जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ मिळवायला सकाळी आठला कराव्या लागणाऱ्या फोनबद्दल सगळेच चिडतात. रास्त आहे, मीही रुग्ण म्हणून रांगेत एकविसावी होते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या जीपींना ऑनलाइन विनंती सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा खुली ठेवायची आहे. आणि घसा, कान, सायनस, बायकांचा लघवीचा साधा संसर्ग अशा सात तक्रारींवर फार्मसी फर्स्ट योजनेत फार्मासिस्टच तपासून औषध देऊ शकतो. आपली माणसं हे माहीत नसल्यामुळे आठवडा-आठवडा अंगावर काढतात.

नॉटिंगहॅम

वीज कंपनी बदलली आणि स्मार्ट मीटर मुका झाला. जुन्या पिढीच्या काही मीटरचं असं व्हायचं, नव्या कंपनीशी त्यांचं बोलणंच जमायचं नाही. स्वयंपाकघरातला डिस्प्ले कोरा, बिल अंदाजाने. अकरा महिने मी महिन्याच्या एक तारखेला बॅटरी घेऊन जिन्याखाली वाकून आकडे वाचत होतो. तक्रार केली की नवीन तारीख, तारखेला माणूस नाही.

मग लक्षात आलं की मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याखाली लिहिलेलं असतं : १००० वेळा लुकलुकला की एक युनिट. त्या दिव्यावर प्रकाशाचा छोटा सेन्सर ब्लू-टॅकने (चिकट मातीसारख्या गोळ्याने) चिकटवला, ईएसपी३२ या वायफायच्या चिपला जोडला, अशा चिपसाठीच्या ईएसपीहोम या सॉफ्टवेअरमध्ये पल्स (लुकलुकणं) मोजायचा पर्याय आहेच. मीटर उघडायचा नाही, सील तोडायचं नाही. त्या रात्री घर झोपल्यावर बघितलं तर काहीच चालू नसताना सरासरी ३१० वॉट जात होते. एकेक प्लग काढत गेलो, शेवटी गरम पाण्याच्या टाकीचा इमर्शन हीटर सापडला. आधीच्या मालकाने चालू सोडलेला.

शेवटी नवा मीटर मिळाला, आणि आता आम्ही ऑक्टोपस या वीज कंपनीच्या ॲजाइल दरावर आहोत. तिथे दर अर्ध्या तासाला भाव बदलतो, उद्याचे भाव आज संध्याकाळी चारच्या सुमारास कळतात. चार ते सात महाग. खूप वारा असलेल्या रात्री भाव शून्याखालीही जातो. होम असिस्टंट स्वस्तातले सहा अर्धे तास निवडून पाणी तापवतं आणि धुण्याचं मशीन लावतं. बायकोची एकच अट होती, मशीनचं फिरणं पहाटे साडेपाचच्या आत संपलं पाहिजे, खाली शेजाऱ्यांचं तान्हं बाळ आहे. ती अट आधी घातली, भाव नंतर.

केंब्रिजजवळून, रोजचा लोकलप्रवासी

नॅशनल रेलच्या डार्विन यंत्रणेतली गाड्यांची माहिती नोंदणी केली की कोणालाही मिळते. दाराजवळ स्टेशनसारखी पिवळ्या अक्षरांची चार इंची पट्टी लावली आहे. ७:१२ रद्द झाली हे मला बूट घालतानाच कळतं, फलाटावर पावसात उभं राहून नाही.

त्याहून कामाची गोष्ट म्हणजे माझी गाडी किती उशिरा पोचली याची नोंद आपोआप होते. बऱ्याच कंपन्यांत १५ मिनिटांच्या उशिरापासून एका फेरीच्या भाड्याचे २५ टक्के परत मिळतात, अर्ध्या तासाला ५० टक्के, तासाला पूर्ण. मागायची मुदत २८ दिवस, आणि आपण तेच विसरतो. महिनाअखेरीस यादी समोर येते, एका बैठकीत सगळे अर्ज भरतो.

हॅरो, वय ७४

पोरांनो, तुमचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे ही गळ्यात आपत्कालीन बटण घालते. दोन वर्षांपूर्वी पडली होती तेव्हा त्याच बटणाने मदत आली. ते लँडलाइनवर चालतं. तांब्याच्या तारेला वीज एक्सचेंजमधून मिळायची, घरातली वीज गेली तरी फोन चालू. आता ३१ जानेवारी २०२७ पर्यंत सगळे फोन इंटरनेटवर जाणार. म्हणजे घरातली वीज गेली की राउटर बंद, फोन बंद, हिचं बटणही बंद.

कंपनीने फोन बदलला तेव्हा यातलं अक्षरही सांगितलं नाही. ज्यांचा सगळा आधार लँडलाइनवर आहे त्यांना वीज गेल्यावर निदान एक तास आपत्कालीन फोन करता यावा अशी सोय देणं कंपनीला बंधनकारक आहे. तीनदा फोन केल्यावर बॅटरीचा डबा आला. मुलाने राउटरला वेगळा यूपीएसही लावला. मग आम्ही मुद्दाम मुख्य बटण बंद केलं आणि हिने गळ्यातलं बटण दाबून पाहिलं. पलीकडची बाई बोलली तेव्हा जीव भांड्यात पडला. ज्यांच्या घरी आई-वडील आहेत त्यांनी अशी चाचणी करून पाहा. आणि वीज गेल्याचं कळवायचा क्रमांक १०५, तो मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

मुलाने किटलीच्या प्लगलाही वीज मोजणारं काहीतरी लावलं आहे. सकाळी नऊपर्यंत चहाचं आधण ठेवलं नाही तर त्याला निरोप जातो. मागच्या मंगळवारी आम्ही देवळात लवकर गेलो होतो, तर साडेनऊला त्याचा फोन.

लीड्स

माझं सेन्सर इथे नाही, सांगलीत आहे. आई एकटी असते. नळाचं पाणी पहाटे साडेपाचला हौदात येतं, मग मोटर लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. तिचे गुडघे दुखतात म्हणून मोटरचा रिले लावला आणि वेळ इथून घातली, रात्री साडेबारा. हिवाळ्यात म्हणजे तिकडे सकाळी सहा. छान चाललं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे गेली. इथले साडेबारा म्हणजे तिकडे पहाटे पाच झाले. हौद रिकामा, मोटर अर्धा तास कोरडी चालली आणि वायंडिंग जळालं. आईने मला सांगितलंच नाही, दोन दिवस शेजारून बादल्या आणल्या.

आता वेळ भारतीय घड्याळाने लागते, हौदात फ्लोट स्विच (पाण्याची पातळी ओळखणारं बटण) आहे, पाणी नसेल तर मोटर सुरूच होत नाही. जिन्यात एक साधं लाल बटणही ठेवलं आहे. ते दाबलं की इंटरनेट असो-नसो, मोटर बंद. परवा आईने व्हिडिओ कॉलवर ते दाबून दाखवलं.