एका वेळी एकच बदल, तोही मोजून: सवयींवरचे घरगुती प्रयोग टिकतात का?

वावरकाठ

पाडव्याला घेतलेला निश्चय मृग लागायच्या आधीच मोडतो. दोष माणसाच्या मनाला दिला जातो, पण माझ्या मते खोट निश्चयाच्या बांधणीत असते. चहा कमी, खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याची पुडी) बंद, पहाटे उठणं, रात्री मोबाइल नाही, अशा चार गोष्टी एकाच दिवशी सुरू होतात. आठव्या दिवशी डोकं दुखायला लागलं की ते चहामुळे, जागरणामुळे की तंबाखू सुटल्यामुळे, हे कोणालाच सांगता येत नाही. मग चारही गोष्टी सुटतात.

वावरात आपण असं कधी करतो का? नवं बियाणं आलं तर चार तासं (ओळी) त्याची पेरतो, बाजूला जुनं ठेवतो आणि खत-पाणी दोन्हीला सारखंच देतो. घरच्या सवयींनाही तेच लावावं. पहिले 7 दिवस काही बदलायचं नाही, फक्त मोजायचं. मग 14 दिवस एकच बदल. त्यानंतर 7 दिवस परत जुनं. मोजायचा आकडाही एकच, आणि तो वहीशिवाय मोजता आला पाहिजे. सकाळी खिशात तुरीचे दहा दाणे टाकावेत, दर चहाला एक दाणा दुसऱ्या खिशात. रात्री कॅलेंडरच्या चौकटीत तेवढा आकडा लिहायचा.

मिठाचं उदाहरण घ्या. 1 किलोची पुडी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख टाका. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पाच मोठ्या माणसांच्या घरात ते 25 ग्रॅम होतं, म्हणजे पुडी किमान 40 दिवस पुरली पाहिजे. 25 दिवसांत संपली तर माणशी 8 ग्रॅम पडतंय. मग बदल एकच करायचा: पंगतीत मिठाचा डबा आणायचा नाही. भाजी-वरणाला हात लावायचा नाही, नाहीतर पुन्हा दोन बदल झाले. पुढच्या पुडीची तारीख काय ते सांगते. लोणच्याचा महिना हिशोबात धरू नका आणि ढोरांचं मीठ वेगळं ठेवा.

एवढ्याने सवय बदलत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी का ते सांगावं.

पऱ्हाटीवाला

भाऊ, हे बसल्या जागचं गणित हाय. मीठ ठीक हाय, पन चहाचं पाहा. वावरात दहा वाजता किटली येते, तिच्यात साखर घरूनच पडून येते. पिनाऱ्याच्या हातात साखर नसतेच. मजुराइले चहा द्याचा असते, तो रोजीचाच भाग हाय, फिका पाठवला तं उद्या निंदाले कोनी येत नाई. मंग प्रयोग कोनावर कराचा?

दुसरं, तुमचे 7 अन् 14 दिवस. डवरनीच्या (कोळपनीच्या) दिवसात मानूस सहा चहा पेते, फागुनात दोन. वेचनी लागली का दिवसच वेगळा. तुम्ही आधीचा आठवडा डवरनीत मोजला अन् बदल पानी लागल्यावर केला, तं चहा आपोआप कमी होते. अन् तुम्ही म्हनता प्रयोग जमला! मानसाची सवय नाई बदलली, कामाचा हंगाम बदलला. खेड्यात मानसाचा दिवस घड्याळावर नाई, वावरावर चालते. म्हनून मले वाटते का अशे प्रयोग नोकरीवाल्याइले ठीक, जेचा रोजचा दिवस एकसारखा असते.

मोजमाप

पऱ्हाटीवाले भाऊंचा दुसरा मुद्दा बरोबर आहे, निष्कर्ष मात्र नाही. दोष प्रयोगाचा नाही, ‘आधी-नंतर’ तुलनेचा आहे. आणि त्या तुलनेत हंगामाखेरीज आणखी दोन खड्डे आहेत.

माणूस बदल कधी सुरू करतो? हद्द झाली की. सगळ्यात वाईट आठवड्यानंतरचा आठवडा काही न करताही थोडा बराच असतो, आणि श्रेय बदलाला मिळतं. दुसरा खड्डा मोजण्याचाच. खिशात दाणे आहेत म्हटल्यावर हात आपोआप आखडतो. म्हणून पहिले 7 दिवस ‘जुनी सवय’ दाखवतच नाहीत.

तासांचं उदाहरण वावरकाठ यांनीच दिलं, ते पुरतं लावावं. नवं बियाणं सगळं खोलगट भागात आणि जुनं सगळं उंचावर पेरलं तर तुलना फुकट जाते. कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर वाफ्यांच्या चिठ्ठ्या टाकतात आणि तेच वाण वेगवेगळ्या वाफ्यांत पुन्हा पुन्हा घेतात, ते याचसाठी. दिवसांच्याही चिठ्ठ्या टाकता येतात.

संध्याकाळच्या चहाने झोप मोडते का, हे पाहायचं आहे असं धरा. चहातलं कॅफिन रक्तात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमी-जास्त. पाचचा चहा रात्री दहाला अर्धा शिल्लक असतो. कपाटात वीस चिठ्ठ्या ठेवा, दहांवर ‘चहा’, दहांवर ‘नाही’. रोज दुपारी एक उचलायची, परत टाकायची नाही. ‘नाही’ निघालं तर चारनंतर चहा नाही. सकाळी उठल्याबरोबर एकच आकडा लिहायचा, रात्री किती वेळा जाग आली. बारा वाजेपर्यंत थांबलात तर आठवणीत भेसळ होते. वीस दिवसांनी दोन्ही बेरजा मांडा. दहा रात्रींच्या बेरजेत एक-दोनचा फरक म्हणजे फरक नाही. आठ-दहाचा असेल तर विचार करा. पाणी लागो की उघाड पडो, चिठ्ठ्या दोन्ही बाजूंना सारख्या पडतात, म्हणून हंगामाची अडचण बरीचशी मिटते.

ही पद्धत ज्याचा परिणाम एका दिवसात ओसरतो त्यालाच लागू पडते. मिठाला नाही. जिभेला कमी मिठाची सवय व्हायलाच काही आठवडे लागतात. वावरकाठ यांचा पुडीचा प्रयोग निदान तीन पुड्यांचा, म्हणजे तीन-चार महिन्यांचा हवा, 14 दिवसांचा नव्हे.

उपकेंद्राजवळ

दाणे, चिठ्ठ्या सगळं मान्य, पण वरच्या यादीत चहाच्या शेजारी खर्रा मांडला आहे. याला माझा साफ विरोध आहे. खर्रा ही ‘मोजून कमी करायची सवय’ म्हणून हाताळली की हमखास फसते.

पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटतात. चुन्याने निकोटिन गालातून पटकन रक्तात उतरतं. रोजच्या आठ पुड्यांवरून सहावर आलेला माणूस तीच पुडी गालात जास्त वेळ धरतो, नाहीतर मोठी घोटून घेतो. कॅलेंडरवर आठाचे सहा दिसतात, तोंडात तेवढंच जातं. आकडा खोटा बोलतो. तंबाखू सोडून नुसती सुपारी ठेवणं हाही बदल नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये सुपारीलाच कर्करोगकारक ठरवलं आहे, आणि तोंड आखडतं ते सुपारीने.

कोणताही प्रयोग करण्याआधी एक तपासणी घरी करा. आपलीच तीन बोटं उभी, एकावर एक, वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का? दोनच जात असतील, तिखट झोंबत असेल, गालाच्या आत पांढरट पट्टे दिसत असतील किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर मोजत बसू नका, दाताच्या डॉक्टरांना तोंड दाखवा.

सोडायची तारीख ठरवा आणि त्या दिवशी पूर्ण थांबा. पहिले तीन दिवस सगळ्यात जड जातात: चिडचिड, डोकं जड, झोप उडणं. दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. तलफ काही मिनिटांत उतरते, तेवढा वेळ काढायला तोंडात लवंग किंवा बडीशेप. राष्ट्रीय तंबाखू मदतवाहिनी 1800112356, फोन फुकट आहे. निकोटिनचं च्युइंगमही मिळतं, पण खर्ऱ्यासारखंच ते चघळत राहायचं नसतं. चव उतरली की गालात दाबून ठेवायचं, किती घ्यायचं ते विचारून.

आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांवर चिठ्ठ्या टाकू नका. ‘एक दिवस घेतली, एक दिवस नाही, काही फरक नाही’ असं म्हणणारी माणसं आहेत. बीपी वाढलेलं कळत नाही, म्हणूनच तर मोजावं लागतं.

सांजवात

किटलीत साखर कोण टाकतं, हे पऱ्हाटीवाले दादांनी बरोबर विचारलं, पण उत्तर न देताच पुढे गेले. टाकते ती घरची बाई. प्रयोग बाप्याचा आणि दोन गंज (पातेली) वेगवेगळे चढवायचे बाईने, एक फिका, एक गोड, असं झालं की तिसऱ्या दिवशी प्रयोग बंद पडतो. पडलाच पाहिजे. ज्या बदलाने चुलीपाशी काम वाढतं तो टिकत नाही, हे आधीच धरून चाला.

म्हणून बदल चमच्यातच करा. साखरेच्या डब्यातला चमचा काढून पाहा. आपण भरतो तो शिगोशीग असतो. सुरीच्या पाठीने वरची शीग उतरवली की सपाट चमच्यात साधारण 4 ग्रॅम उरते. उतरवलेली साखर वाटीत गोळा करा. दहा चमच्यांची शीग पाहिली की डोळ्यांनाच कळतं किती वर जात होती. चमचे तेवढेच टाकायचे, फक्त सपाट. बाकी चहा, पत्ती, आलं काही बदलायचं नाही. मजुरांना फिका लागत नाही, कारण चव अर्ध्यावर येत नाही, थोडी उतरते.

मोजायला वही नको. पाच किलोची साखर पाच माणसांत तीस दिवसांत संपली तर माणशी रोज 33 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना 25 ग्रॅमच्या आत राहिलं तर आणखी बरं असं सांगते, म्हणजे तीच साखर 40 दिवस. पाहुणे, सण, पुरणपोळी झाली तो महिना सोडून द्या.

चहाबद्दल आणखी एक. जेवणाला लागून चहा नको. चहामुळे जेवणातलं लोह अंगी कमी लागतं. रक्त कमी असलेल्या बाया-पोरींनी जेवण आणि चहात तासभर तरी अंतर ठेवावं. यात कोणाचंच काम वाढत नाही, फक्त वेळ सरकते. माझ्या मते साखरेच्याही आधी हाच बदल करावा.

वावरकाठ

खर्ऱ्याचं मागे घेतो. तो या यादीत नको होता. पुडीच्या मुदतीबद्दल मोजमाप यांचंही मान्य.

पण मोजणंच सोडून द्यावं, हे मान्य नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 96 जणांवर एक अभ्यास झाला होता. नवी गोष्ट आपोआप व्हायला लागेपर्यंत मध्यम आकडा 66 दिवसांचा आला, आणि माणसागणिक फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत. एखादा दिवस हुकल्याने विशेष बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. म्हणजे माझे 14 दिवस सवय लागायला पुरत नाहीत, हे खरं. ते फक्त रीत जमते की नाही हे पाहायला आहेत. रीत जमली तर ती पुढचे दोन महिने चालवायची.

आणि पऱ्हाटीवाले भाऊ, दिवस वावरावर चालतो म्हणता, तर आकडाही वावरालाच बांधू. ‘रोज’ मोजायचंच नाही. फवारणी घ्या. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. हात साबणाने धुतल्याशिवाय चहा-भाकरीला हात लावायचा नाही, हे सगळ्यांना माहीत आहे, तरी होत नाही. साबण घरी असतो आणि भूक वावरात लागते, म्हणून होत नाही. पहिल्या दोन फवारण्यांना साबण डब्याच्या पिशवीत ठेवा, पुढच्या दोन फवारण्यांना पंप भरायच्या जागी. कोणत्या जागी किती जण हात धुऊन जेवायला बसले, एवढंच मोजा. हंगामात पाच-सहा फवारण्या होतात, तेवढ्यात कळतं.

उपकेंद्राजवळ

धुवायचे की नाही, यावर प्रयोग नाही. ते पहिल्या पंपापासून. साबणाची जागा कोणती, यावर हवा तेवढा प्रयोग करा. आणि साबण नाही म्हणून नुसत्या पाण्याने हात धुतले तर तो ‘धुतले’मध्ये मोजू नका. बरीचशी औषधं तेलकट असतात, पाण्याने निघत नाहीत. अंगावरचा सदराही तोच ठेवून जेवायला बसलं तर हात धुण्याचा अर्धा उपयोग गेला.

पऱ्हाटीवाला

हा प्रयोग पटला, कारन यात हंगाम आडवा येत नाई. पन जागा चुकली. पंप भराच्या ठिकानी साबन ठेवान तं औषध मोजतानी त्याच्यावरच सांडते, अन् मंग तोच साबन हाताले. साबन बोरच्या पाइपाले जाळीत बांधाचा, डोक्याएवढ्या उंचीवर. भुईवर ठेवला तं मातीत जाते नाईतं कावळा नेते. औषध कालवाची बादली तिथून पंधरा-वीस पावलं दूर. बोरपाशी भाकरीचा डबाई टांगाचा, म्हंजे डबा काढाले हात वर गेला का पयले साबन लागते.

अन् खर्ऱ्याची पुडी. फवारतानी ती सदऱ्याच्या खिशात राह्यते, औषधाचे शिंतोडे तिच्यावर, मंग तीच तोंडात. सोडाची ती सोडा, पन जोवर सुटली नाई तोवर पंप पाठीवर घ्याच्या आधी ती खिशातून काढून त्याच डब्यात टाकाची. पुडी घ्याची तं साबनापासूनच जा लागन. मोजाचं असन तं मी हे मोजाले सांगन: पंप उचलतानी किती जनाइचे खिसे खाली होते.