लोकवन गहू जैसे थे, गोदावरी गहू हिरवागार. फरक जातीचा की फवाऱ्याचा?

भांडुपचा_शेतकरी
राम राम मंडळी. नोकरी परळला, बिऱ्हाड भांडुपला आणि गहू सिन्नर तालुक्यात. शेत दादा बघतो. मी महिन्यातून दोनदा जातो, बाकीचे दिवस व्हिडिओ कॉलवरून अक्कल पाजळतो.

यंदा एकरभर लोकवन, आणि आईच्या शेवया-कुरडयांसाठी अर्धा एकर गोदावरी. पेरणी दोन्हींची १८ नोव्हेंबरला, जमीन काळी चुनखडीची. चाळिसाव्या दिवशी लोकवनवर झिंक सल्फेट मारायला घेतलं. दुकानदार म्हणाला होता, त्यातच १२:६१:०० (स्फुरदाचं विरघळणारं खत) टाका, एका फेरीत दोन कामं. तिसऱ्या पंपाला फवारा तुटायला लागला. नोझल उघडला तर जाळीवर पांढरा रवाळ गाळ, पंपाच्या तळाशी ताक फाटल्यासारखा थर. वहिनीकडून सुई आणून भोकं मोकळी करत एकर कसाबसा उरकला. दुसऱ्या दिवशी गोदावरीवर नुसतं झिंक मारलं.

आज पंधरा दिवस झाले. गोदावरी डोळ्यात भरते, लोकवनला ढिम्म फरक नाही. दादा म्हणतो लोकवनला झिंक मानवत नाही. खरंच जातीजातीत एवढा फरक असतो?

पाटपाणी_निफाड
लोकवनला झिंक मिळालंच कुठे? ते पंपाच्या तळाशी बसलं ना! १२:६१ मधल्या स्फुरदाने झिंक धरलं की झिंक फॉस्फेट तयार होतं, ते पाण्यात विरघळत नाही. तुम्ही लोकवनला पांढरं पाणी पाजलंत. युरिया चालतो झिंकसोबत, स्फुरद नाही.
पंधरा लिटरच्या पंपाला २१ टक्केवालं झिंक सल्फेट ७५ ग्रॅम, सोबत ३७ ग्रॅम चुना. चुना रात्री भिजवायचा, सकाळी वरची निवळी गाळून घ्यायची. चुन्याशिवाय शेंडे करपतात. पुडी ३३ टक्क्यांची असेल तर ५० ग्रॅम पुरे. उन्हं उतरल्यावर मारा.

माती_परीक्षक_दादर
वरचं बरोबर आहे, पण दादांनाही अगदीच खोटं पाडू नका. गोदावरी हा बन्सी गहू, शेवया-रव्याचा. बन्सी गहू झिंकच्या कमतरतेला सरबती, म्हणजे पोळीच्या, गव्हापेक्षा लवकर बळी पडतो, त्यामुळे जमिनीत झिंक कमी असेल तर फवाऱ्याचा गुणही त्याच्यावर जास्त दिसतो. लोकवन सरबतीतला, त्याच जमिनीत तो जरा तग धरतो.
मात्र जमिनीतच पुरेसं असेल तर कुठल्याच जातीवर काही दिसणार नाही. माती तपासली आहे का? प्रयोगशाळेत डीटीपीए या रसायनाने मातीतून काढलेलं झिंक ०.६ पीपीएमच्या (दहा लाखांत ०.६ भाग) खाली असेल तर कमतरता धरतात. आणि फवारा न मारलेला एखादा सारा (वाफा) ठेवलात का? नाहीतर तुलना कशाशी करणार?

भांडुपचा_शेतकरी
माती तपासलेली नाही, चूक कबूल. सारा मुद्दाम ठेवला नव्हता, पण पंपाची बॅटरी उतरल्यामुळे गोदावरीचे बांधाकडचे दोन सारे राहून गेले होते! तुमचं वाचून लगेच दादाला तिथे उभं केलं. त्या दोन साऱ्यांत मधल्या पानांवर शिरेच्या बाजूने फिकट पट्टे आहेत, काही पानं मधूनच मोडून लोंबतायत. शेजारच्या साऱ्यात तसलं एकही पान नाही.

माती_परीक्षक_दादर
मग गोदावरीचं उत्तर मिळालं, झिंकच कमी होतं. लोकवनचं अजून बाकी आहे. आता चार सारे नीट मारा, चार तसेच सोडा. उशीर झालाय, उत्पादनात फार काही हाती लागेल असं नाही; त्यासाठी फुटव्यांच्या वेळीच मारायला हवं होतं.

चक्की_लालबाग
शेतीतलं कळत नाही, पण आमच्याकडे गिऱ्हाईक विचारतं, लोकवन की सिहोर? झिंक किती हे अजून एकानेही विचारलेलं नाही. दाण्यातलं झिंक वाढवायचं असेल तर फवारा कधी मारायचा?

माती_परीक्षक_दादर
फुलोऱ्यानंतर, दाणा चिकात असताना. गव्हात पानावरचं झिंक दाण्याकडे बऱ्यापैकी उतरतं, लोह तितकं उतरत नाही. मात्र झिंक जास्त असतं ते कोंड्यात आणि अंकुरात. मैदा खाणाऱ्याला उपयोग नाही, तुमच्या चक्कीच्या पिठाला आहे. चाळण मोठ्या भोकाची ठेवा.

भांडुपचा_शेतकरी
शनिवारी निघतोय. आठ साऱ्यांना खुंट्या ठोकतो आणि मातीचा नमुनाही घेतो. सुईच्या मोडलेल्या टोकाचा हिशेब वहिनी मागतेय, तो वेगळाच.