मदत हवी आहे: बेलापूर ते राजपुरी शिडाच्या होडीने, मधला मुक्काम कुठे?

डिसेंबरात आम्ही दोघं बेलापूरहून खाडीने निघून मांडवा, रेवदंडा करत राजपुरीपर्यंत जाणार आहोत. होडी 16 फुटी, फायबरची. जोडीला छोटं आउटबोर्ड इंजिन. मधली फळी वर ओढली की फूटभर पाण्यातही चालते. लाइफ जॅकेट, व्हीएचएफ रेडिओ आहे. परवानगीचं काम चालू आहे (ते वेगळंच पुराण). रात्री चालवणार नाही.

ओहोटी आणि पहाटेचा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा) धरून मांडव्यापर्यंतचं गणित बसतं. अडतंय त्यापुढे. रेवदंड्याची खाडी उजेडात गाठता येईलच असं नाही. अलिबागला ओहोटीत लोक कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातात, म्हणजे तिथे नांगरली तर होडी रात्री रेतीवर बसणार, आणि भरतीच्या लाटांनी आपटणार. थळसमोर खांदेरी-उंदेरीच्या आसपास खडक. चार्ट, भरतीचं कोष्टक पाहून झालं. दिवाळे कोळीवाड्यात विचारलं, पण त्यांची मासेमारी खाडीतली. हॉटेलं सुचवू नका, होडी सोडून झोपायचं नाहीये.

तारीख अष्टमीच्या आसपासची, म्हणजे भांग (भरती-ओहोटीतला फरक कमी). अशा वेळी थळच्या किनाऱ्यालगत ओहोटीतही तरंगत राहील एवढं पाणी नेमकं कुठे मिळतं, आणि तिथे शिरताना खडक कोणत्या हाताला ठेवायचे?