‘स्टेंट तो स्टेंट, त्यात काय बघायचं’ म्हणणाऱ्यांसाठी

उद्यमनगरकर:
काल पेठकरांनी लिहिलं की पोटातल्या अ‍ॅओर्टाच्या फुग्याला (हृदयाकडनं खाली येणारी मुख्य रक्तवाहिनी फुगते तो) कुठला स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे जाळीवर कापड चढवलेली नळी, घालायचा ही चर्चाच फालतू आहे, सगळे सारखेच, डॉक्टर कमिशन बघून कंपनी ठरवतात. त्याच्याखाली लोकांनी धडाधड अंगठे दिलेत. ते वाचून डोकं तापलं म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्या वडिलांचा फुगा ५.५ सेंटिमीटरच्या वर गेला तेव्हा सर्जननी सीटी स्क्रीनवर फिरवून फिरवून दाखवला. किडनीच्या शिरा फुटतात तिथनं फुगा सुरू होईपर्यंत जो चांगला तुकडा उरतो ती नेक, आणि सगळा खेळ त्या नेकवर आहे. वडिलांची आखूड होती आणि एका अंगाला कललेली. आम्ही शाफ्टवर बेअरिंग दाबून बसवतो त्यातलाच प्रकार, ग्राफ्ट नेकपेक्षा साधारण १० ते २० टक्के मोठा घेतात म्हणजे तो भिंतीला दाबून बसतो. लहान घेतला तर कडेनं फुग्यात रक्त शिरणार, त्यालाच लीक म्हणतात, फार मोठा घेतला तर कापडाला चुण्या पडणार आणि चुणीतनं परत रक्त शिरणारच.

आता सारखे कसे ते सांगा. बाजारातली मॉडेलंच घ्या. झेनिथ आणि एन्ड्युरंट किडनीच्या शिरांच्या वर उघडी जाळी नेऊन तिथं हुक रुतवतात, कापड पॉलिएस्टरचं. एक्सक्लूडर किडनीच्या खालीच धरतो, कापड पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचं, जागा चुकली तर वरचं तोंड परत आवळून सरकवता येतं. कन्फॉर्मेबल म्हणून त्याचाच भाऊ आहे, तो वाकड्या नेकसाठीच काढलाय. झेनिथ फ्लेक्सला कंपनीच्या कागदावर १५ मिलिमीटर नेक लागते, एन्ड्युरंटला १० चालते पण वाक ६० अंशांच्या आत पाहिजे. आणि नेलिक्स? दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत पॉलिमर भरून फुगाच बुजवायचा, कल्पना ऐकायला एकदम झकास, पण पुढं ग्राफ्ट जागेवरनं सरकायला लागले, फुगे परत वाढायला लागले आणि २०१९ ला कंपनीला तो मागं घ्यावा लागला. ज्यांच्या पोटात तो बसलाय त्यांना जाऊन सांगा सगळे सारखे म्हणून.

पेठकर:
दादा, तुम्ही एवढं लिहिलंत पण पैशाचं कुठंच काय नाही. हार्टच्या स्टेंटला २०१७ ला सरकारनं दर बांधून दिला, साधा ७,२६० आणि औषधवाला २९,६००. ह्या पोटातल्याला बांधला का? नाही. मग लाखाच्या घरात बिल आल्यावर माणूस कमिशन म्हणणार नाहीतर काय म्हणणार? आणि कंपनीचा माणूस ऑपरेशन थिएटरात (ओटीत) उभा असतोय का नाही, तेवढं खरं खरं सांगा. आमच्या काकांच्या वेळी तो आत गेलेला आम्ही डोळ्यानं बघितलाय, आम्ही बाहेर आणि तो आत!

कॅथलॅबवाला:
असतो की. ह्यात लपवायचं काय आहे? एका पेशंटसाठी वेगवेगळ्या लांबीरुंदीचे बॉक्स आणून ठेवतात, लागले तेवढे फोडतात, बाकीचे परत जातात, ते सगळं तो सांभाळतो. ग्राफ्ट त्यानं ठरवला असं होत नाही. पण एक मान्य करतो, एकाच कंपनीवर हात बसलेले डॉक्टर न बसणाऱ्या नेकला पण तोच घालायला बघतात, हे मी बघितलंय. तेवढ्यापुरतं पेठकर बरोबर आहेत. सगळे सारखे हे मात्र साफ चूक.

गडहिंग्लजची लेक:
तुम्ही सगळे कुठला स्टेंट यावर भांडताय, मुळात स्टेंटच का हे कोणी विचारत नाही. माझ्या बाबांचं पोट उघडून ऑपरेशन झालं, डेक्रॉनच्या कापडाची नळी शिवली. पहिला महिना फार वाईट गेला, जेवण जात नव्हतं, खोकला आला की उशी पोटाला धरून बसायचे. पण आज शेतात जातात, दरवर्षी सीटी नाही, लीकची भीती नाही. ब्रिटनच्या ईव्हार-१ अभ्यासात (ईव्हार म्हणजे असा स्टेंट ग्राफ्ट आतनं बसवायचं ऑपरेशन) १५ वर्षं लोकांच्या मागे राहून बघितलं, आठ वर्षांनंतर स्टेंटवाल्यांत फुग्यामुळे मरणारे जास्त निघाले. जांघेतनं घातला, तीन दिवसांत घरी, एवढंच ऐकून लोक हुरळतात.

उद्यमनगरकर:
ताई, त्याच अभ्यासातला पहिला महिना का सोडला? स्टेंटमध्ये १.७ टक्के गेले, उघडून केलेल्यांत ४.७. माझे वडील ऐंशीला टेकलेत, फाउंड्रीत जन्म गेला, वर बिडी, छाती कामातनं गेलेली. भूलवाल्या डॉक्टरांनीच सांगितलं की पोट उघडलं तर टेबलावरनं उठायची खात्री नाही. पुढची आठ वर्षं बघायला आधी हा महिना पार पडाय नको का? साठीतला धडधाकट माणूस असता तर मी पण तुमच्याच बाजूनं बोललो असतो.

गडहिंग्लजची लेक:
हेच शेवटचं वाक्य आधी लिहायचं होतंत. साठीतल्या धडधाकट माणसांना पण सर्रास स्टेंट घालताहेत, माझा राग त्याच्यावर आहे, तुमच्या वडिलांवर नाही.

राजारामपुरी आठवी गल्ली:
मला एकच विचारायचंय. इथं ज्यांच्या घरी ग्राफ्ट बसलाय त्यांनी मॉडेलचं नाव सांगा. फक्त कंपनी नको, मॉडेल आणि सिरियल नंबर.

पेठकर:
काकांच्या डिस्चार्ज पेपरवर नुसतं ‘ईव्हार केले’ एवढंच आहे.

राजारामपुरी आठवी गल्ली:
हेच म्हणत होतो! प्रत्येक बॉक्समध्ये सोलून चिकटवायचे स्टिकर असतात, त्यावर मॉडेल, माप, नंबर सगळं असतं. ते हॉस्पिटलच्या फाईलला चिकटतात आणि पेशंटच्या हातात काय येत नाही. एएफएक्स ग्राफ्टच्या कापडातनं आणि जोडातनं लीक व्हायला लागले तेव्हा अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, परत परत इशारे दिले. समजा उद्या तसं पत्र तुमच्या ग्राफ्टबद्दल आलं तर कळणार कसं? माझ्या सासऱ्यांच्या वेळी फाईल मागायला गेलो तर रेकॉर्ड रूमवाला म्हणाला जुन्या फाईली गोडाऊनला गेल्या, अर्ज द्या. अर्ज दिला, परत गेलो तर म्हणतोय कुठला अर्ज. नेक, कापड, वाक ह्याच्यावर पानं भरा तुम्ही, आत काय बसलंय हे घरच्यांनाच माहीत नाही!

उद्यमनगरकर:
आमच्याकडं आहे. मी भांडून घेतलंय, वडिलांच्या पाकिटात आधार कार्डाच्या मागं ठेवलंय.

राजारामपुरी आठवी गल्ली:
तुम्ही भांडू शकलात. चंदगडहून एसटीनं आलेला म्हातारा भांडणार आहे का? त्याला वर्षानं सीटीला बोलावलेलं असतं ते पण तो येत नाही, कारण पोटात दुखत नाही.

पेठकर:
मग चूक त्याची का? येण्याजाण्याचा दिवस मोडतोय, सीटीचे पैसे वेगळे, सीटीच्या आधी टोचतात त्या कॉन्ट्रास्ट औषधानं किडनीला त्रास वेगळा. ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितलेलं असतं का की हे आयुष्यभराचं आहे?

कॅथलॅबवाला:
सांगतात हो, लोक ऐकायच्या मनःस्थितीत नसतात. आणि दरवेळी सीटीच लागतो असं पण नाही. पहिले सीटी चांगले आले, फुगा आकसला, तर पुढं बऱ्याच जणांचं नुसत्या डॉपलर सोनोग्राफीवर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) भागतं. कंबरेच्या बारक्या शिरांतनं फुग्यात उलटं रक्त येतं ते टाइप टू लीक, फुगा वाढत नसेल तर त्यावर नुसती नजर ठेवतात. वरनं किंवा जोडातनं आलं तर मात्र थांबायचं नाही.

राजारामपुरी आठवी गल्ली:
सांगतात हो म्हणे! फॉर्मवर सही घ्यायच्या वेळी दोन मिनिटांत उरकतात, त्याला सांगणं म्हणायचं का? तुम्ही आतले लोक कायम आतल्यांचीच बाजू घेणार.

कॅथलॅबवाला:
मी कुणाची बाजू घेत नाहीये, आवाज चढवू नका. स्टिकरचं म्हणाल तर शंभर टक्के बरोबर आहे, ते पेशंटला दिलेच पाहिजेत, आणि मी जिथं आहे तिथं डिस्चार्जच्या दिवशी एक स्टिकर कार्डावर लावून देतो. ज्यांना मिळालं नाही त्यांनी ओटी नोट्सची नक्कल लेखी मागा, पोच घ्या. बिलात ग्राफ्ट वेगळा लावला असेल तर त्या पावतीवर पण बऱ्याचदा नंबर सापडतो.

पेठकर:
काकांची पावती बघितली, आहे नंबर. तीन तुकडे आहेत, तिन्हीचे वेगळे. एन्ड्युरंट आहे. बरं, सगळे सारखे नसतात हे घेतो मागं, पण दर बांधा हे मी सोडणार नाही, आणि त्याला इथं एकानंही उत्तर दिलेलं नाही.