चिखलदऱ्याची कॉफी : फळं ओली घ्यावीत की वाळलेली? सोबत कृषी पर्यटन जमेल का?

पठारावरची : चिखलदऱ्याजवळच्या गावांत बारा शेतकऱ्यांकडे थोडी थोडी अरेबिका जातीची कॉफी आहे, बहुतेकांची पाव-अर्ध्या एकरात, सिल्व्हर ओकच्या सावलीत. अंगणात वाळवून मिळेल त्या भावाला देऊन टाकतात. महिला बचत गटाला सोबत घेऊन ती विकत घ्यायची, भाजून गावाच्या नावाने विकायची आणि जोडीला शेतावर मुक्काम, असा बेत आहे. फळं ओली घ्यावीत की वाळलेली? पाणी कमी आहे, तरी पल्पर (ओल्या फळाची साल काढायचं यंत्र) घ्यावा का? भाव कसा धरायचा?

जाळीमांडव : ताई, ओलीच घ्या. वाळल्यावर कच्चं, पिकलेलं, खाली पडलेलं सगळं सारखंच काळं दिसतं. पिकलेलं फळ चिमटीत दाबलं की बी सुळकन बाहेर येते. हिरवी फळं तोलाआधीच निवडून परत करा.

पल्पर पहिल्या हंगामात नकोच. साल काढली की बीवरचा चिकटा आंबवून धुवावा लागतो. त्याला भरपूर पाणी लागतं आणि ते आंबट सांडपाणी ओढ्यात सोडता येत नाही. तिथला हिवाळा कोरडा, तेव्हा अख्खं फळच वाळवा. तोडणीच्याच संध्याकाळी फळं पाण्यात टाका. तरंगतील ती पोकळ किंवा किडकी, त्यांचा माल वेगळा ठेवा. बाकीची कमरेएवढ्या उंच जाळीच्या मांडवावर, पहिले चार-पाच दिवस एकेरी थरात. दिवसातून सात-आठ वेळा हलवा, मग थर इंच-दीड इंच चालेल. ऊन उतरायच्या आत झाका, दव पडलं की बुरशी आलीच. ताडपत्री थेट फळांवर टाकली तर आत घाम धरतो. ताडपत्रीखाली सुती कापड घाला. साधारण तीन आठवडे लागतात. फळ कानाशी खुळखुळणं हा ढोबळ अंदाज झाला, मॉइश्चर मीटर हवाच. ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास आला की भरा.

तोलकाटा : भावाचं गणित उलटीकडून करा. साडेपाच-सहा किलो ओल्या फळांतून एक किलो हिरवी बी निघते, भाजताना त्यातलं आणखी १५ टक्के वजन जातं. म्हणजे किलोभर भाजलेल्या कॉफीमागे सात किलो फळं. फळाला समजा ६० रुपये दिले तर कच्च्या मालाचेच ४२० झाले. सोलणी, निवड, भाजणी, पाकीट वेगळं. चिकोरी (भाजलेल्या मुळांची स्वस्त पूड) मिसळलेल्या पावडरीशी स्पर्धा करायला गेलात तर शेवटी शेतकऱ्याच्याच भावाला कात्री लागणार.

पिकलेलीच फळं हवीत तर तोडणी तीन-चार फेऱ्यांत होते, मजुरी वाढते. तो फरक भावात दिला नाही तर लोक फांदी ओरबाडूनच आणतील आणि त्यात त्यांची चूक नाही. पैसे तोलाच्या दिवशी रोख, विक्रीनंतर जमेल तो बोनस. व्यापारी रोख देतो, तिथे उधारीवर तुम्ही टिकणार नाही.

सातबारा : मुक्कामाची घाई करू नका. चिखलदऱ्याला गर्दी पावसाळ्यात, धुक्यासाठी. फळं पिकतात नोव्हेंबर ते जानेवारीत. पावसाळ्यात रोपवाटिका, भाजणी आणि चव एवढंच दाखवता येईल. हिवाळ्यात पाहुण्यांना तोडायला दोन ओळी राखून ठेवा, सगळ्या बागेत सोडलं तर फांद्या मोडतात. फोटोसाठी मोकळं दिसावं म्हणून सावली मात्र छाटू नका. उघड्या अरेबिकावर पांढरा खोडकिडा हमखास येतो, आणि खोड पोखरलेलं झाड उपटून जाळावंच लागतं.

कागदपत्रांचं म्हणाल, तर जमीन कोरकू शेतकऱ्याची असेल आणि तुम्ही आदिवासी नसाल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. त्यापेक्षा राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली शेतकऱ्याच्याच नावाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा, बचत गटाने जेवण आणि बुकिंग सांभाळावं. व्याघ्र प्रकल्प लागूनच आहे, तेव्हा वीट लावण्याआधी वन विभागाला विचारा.

पठारावरची : सोलणीसाठी भाताचा जुना हलर चालेल का?

जाळीमांडव : चालतो, पण पातं मागे घ्या, नाहीतर बीचे तुकडे होतात. भाताचा कोंडा आतून पूर्ण झाडा, दोन किलोवर चाचणी घ्या. माल ओलसर असेल तर बी चेपते, फार सुकला असेल तर फुटते. सोलणी मे संपायच्या आत उरका आणि लगेच हवाबंद पिशवीत भरा, नाहीतर तिथल्या धुक्यात बी पुन्हा ओलावा ओढते.