मदत हवी आहे : सेंट जॉर्जचं चिलखत खरं की चित्रकाराच्या डोक्यातलं?

नमस्कार मंडळी. पंधराव्या शतकातला चित्रकार यान व्हॅन आयक याचं, बेल्जियममधल्या ब्रूज शहरातलं १४३६ चं चित्र सध्या मोठं करून बघतोय. मेरी, बाळ येशू, गुडघे टेकलेला धर्मगुरू आणि शिरस्त्राण उचलून नमस्कार करणारा सेंट जॉर्ज. हा म्हणे रोमन सैनिक, पण अंगावर चिलखत चित्रकाराच्या काळातल्यासारखं, पोलादी पत्र्यांचं! शिरस्त्राणात मेरीचं लाल वस्त्र चमकतंय, पाठीवरच्या ढालीत तर खुद्द चित्रकार दिसतो असं म्हणतात. नंतरचा चित्रकार मेमलिंग याच्या ‘अंतिम न्याय’ या चित्रातल्या देवदूत मायकेलच्या छातीवरच्या चिलखतातही आजूबाजूचं दृश्य असंच उतरलंय.

सेंट जॉर्जच्या चिलखतातले कुठले भाग तेव्हाचे कारागीर खरंच घडवत आणि कुठली नुसती सजावट, हे ओळखायचं कसं? सांधे, पट्टे, बिजागऱ्या बघायच्या का? ‘चित्रकाराने काही भाग मुद्दाम पुरातन दाखवलेत’ एवढ्या उत्तरावर माझं समाधान होत नाही. जुन्या शस्त्रांचा अभ्यास असलेल्यांनी जरूर सांगावं.