गोव्यातल्या जांबावलीच्या नदीत कोणी कोणी बुडी मारलीय?

आबोली
काल कपाटामागे एक चपटी बाटली सापडली. बुचाला मेण, वर आज्जीच्या अक्षरात फक्त 'जांबावली'. पाणी आटलेलं, तळाला गढूळ साका. एकदम ती शेवाळलेली पायरी आठवली. सातेक वर्षांची असेन, कोपराच्या आत चट्टे, रात्रभर खाजवून रक्त यायचं. आज्जीने पाच सोमवार कुशावतीत बुडवून काढलं. मासे पायाला चावले की मी किंचाळायचे, ती म्हणायची "खांव दी गो, तेंच वखद" (खाऊ दे गं, तेच औषध). मग ओल्या फ्रॉकनेच तिथल्या देवळात दामबाबापुढे, म्हणजे दामोदरापुढे, उभं करायची. चट्टे गेले खरे, पण तेव्हा आई रात्री मलमपण लावायची आज्जीच्या नकळत 😄 तुमचं सांगा.

खारवाडो
आमच्या तर अख्ख्या वास्कोचं वखद तिथून आलंय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साथ आली तेव्हा लोक जांबावलीला गाऱ्हाणं घालायला गेले, तिथून नारळ आणला, तोच आपला सप्ताह. अजून नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी नवा नारळ ठेवतात, चोवीस तास भजन आणि जुना समुद्रात. मला लहानपणी वाटायचं जुन्याचं खोबरं वाटतात, बाबांना विचारलं तर टपली मिळाली

उंडो
जांबावलीच्या उत्सवात गुलाल खेळून नदीत उतरलो होतो, पाणी गुलाबी. कान सोमवारपर्यंत गुलाबी, बॉस विचारतोय ॲलर्जी आहे का

तिरफळ
माझ्या काकांचा सोरायसिस नाही गेला. दर रविवारी जायचे, कोणीतरी सांगितलं पाण्यात गंधक आहे म्हणून मलम बंद केलं आणि पाठभर पसरला. डॉक्टरांनी असं झापलं की काकी पण गप्प. अजून जातात, पण मलम पिशवीत असतं. म्हणतात पाण्यात बसलो की खाज विसरायला होते.

आबोली
@तिरफळ काकांना सांग आमच्याकडे पण तीच ट्रीटमेंट होती 🙏

सोलकढी
नदीचं नाही पण दुखण्याचं आहे. माझं पोट दुखत होतं आणि घरचे मला आधी आमच्या देवळात घेऊन गेले, प्रसाद लावायला, म्हणजे देवाला पाकळ्या चिकटवून कौल घ्यायला. मी खांबाला टेकून कळवळतेय आणि पाकळी काही पडेना, ना उजवी ना डावी. शेवटी भटजी म्हणाले, फॅन बंद करा कोणीतरी. पडली एकदाची उजवी. अपेंडिक्स निघालं, त्याच रात्री ऑपरेशन

उंडो
@सोलकढी फॅन 😂😂

मडगांवकार
दामबाब मूळचा आमचा हां. १५६०च्या दशकात आमच्या मडगांवकडच्या सासष्टीतली देवळं पाडली तेव्हा देवाला पलीकडे जांबावलीला नेलं, तिथे तेव्हा पोर्तुगीज नव्हते. म्हणून गुलालाला आमच्याकडची दुकानं बंद आणि सगळे तिकडे. माझी आई तर माहेरी निघाल्यासारखी साडी काढून ठेवते.

नवीसून
मडगांवहून बसने कसं जायचं? सासूबाईंचे गुडघे

मडगांवकार
केपे, तिळामळ, पुढे कोणालाही विचारा. पण त्यांना पायऱ्या उतरवू नका, बुळबुळीत आहेत, तांब्याने पाणी वर आणा.

सोलकढी
केसरव्हाळच्या झऱ्यावर न्या त्यापेक्षा

नवीसून
तिथे पायऱ्या नाहीत का?

सोलकढी
आहेत 🙈

आबोली
लेक म्हणतेय बाटलीतलं उरलेलं तुळशीत ओतूया. बूच निघत नाहीये.

खारवाडो
गरम पाण्यात धर, मेण सुटेल. पण काढू नकोस गो.